तोंड मिटून दिलेला पेपर

मी बैलगाडा शर्यतीत माईक धरतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात ज्या गावची यात्रा असेल त्या गावच्या घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, सकाळी आठला स्टेजवर चढतो आणि दिवस कलेपर्यंत बोलतो. कुणाचा गाडा जुंपला, कुणाची बारी, म्हणजे धाव, सुटली, घाट किती सेकंदात चढली, हे लोकांना माझ्या तोंडून कळतं. दोन बाऱ्यांच्या मधे जो रिकामा वेळ असतो त्यात पाहुण्यांचे सत्कार. स्टेजखालून चिठ्ठ्या येतात आणि मी त्या वाचतो. अमुक साहेब, बी.ई. सिव्हिल. तमुक डॉक्टर, एम.डी. अमक्यांची कन्या, एम.एस्सी. ॲग्री, प्रथम श्रेणी. नारळ, फेटा, टाळ्या, की पुढची बारी. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डिग्र्या माईकवर वाचत आलोय, आणि उगाच कशाला लाजू, माझ्याइतक्या झोकात त्या या पट्ट्यात कुणी वाचलेल्या नाहीत.

आता माझी स्वतःची एक आहे. बी.ए., राज्यशास्त्र. घरी बसून, मोबाईलवर आणि लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर मिळवलेली. तेव्हापासून घाटावर कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. "भाऊ, त्या ऑनलाईनचं कसं असतं वो? आमाला जमंल का?" मी सांगतो, जमेल, फक्त तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. त्यांना वाटतं मी नेहमीसारखी फिरकी घेतोय. पण माझी डिग्री एवढ्या एकाच गोष्टीवर अडली होती, आणि डिग्रीबरोबर माझं नावही जायची वेळ आली होती. ते सगळं एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे दरवेळी उभ्या उभ्या सांगायला नको.

मी बारावीनंतर कॉलेजात एक वर्ष काढलं होतं. त्या वर्षी कुणीतरी हौसेने माझ्या हातात माईक दिला आणि कॉलेज तिथंच राहिलं. मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही, कारण घाटावर मान होता. मग शर्यतींवर बंदी आली. ती वर्षं माझ्या घशात अडकलेली आहेत. माईक पेटीत आणि मी रिक्षात. सोसायटीची सभा, दातांचं शिबिर, हरवलेली गाय, जे असेल त्याची जाहिरात करत गावोगाव फिरायचो. बंदी उठली, घाट पुन्हा सुरू झाले आणि पहिल्याच मोसमात एका पाहुण्यांचा मी सत्कार पुकारला. ते खूश झाले. माझ्या हातातून माईक घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "निवेदक काय शिकलेत?" मी म्हणालो, "बारावी." ते म्हणाले, "बारावीत एवढं बोलतो, शिकला असता तर काय झालं असतं." लोक हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी येईपर्यंत मात्र माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

लेक पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिने एका विद्यापीठाच्या ऑनलाईन बी.ए.चा फॉर्म भरला. मला म्हणाली, "पप्पा, यात कुठं जायचं न्हाई, घाट पण बुडत न्हाई." बायको शेजारी टोमॅटो निवडत होती. ती म्हणाली, "भर. त्यांना बोलायला आनखी एक जागा मिळंल."

बायकोच्या बोलण्याला अशीच कायम एक खोच असते. तिच्याशी जपून राहावं लागतं.

आता ऑनलाईन शिकायला बसणाऱ्याने पहिल्यांदा काय समजून घ्यावं, तर तिथं समोर कुणी नसतं. घाटावर मी तोंड उघडलं की हजार माना वळतात. वर्गात मात्र नुसते काळे चौकोन. एकेका चौकोनात एकेक नाव, आणि सर बिचारे त्या चौकोनांना विचारतात, "माझा आवाज येतोय का?" मला त्या सरांची दया आली. माईकवरच्या माणसाचं दुःख मला कळणार नाही तर कुणाला. मी माझा माईक उघडून खणखणीत सांगितलं, "येतोय सर, एक नंबर येतोय." आणि तो माईक मग तसाच उघडा राहिला. पुढचा पाऊण तास आमच्या घरातलं सगळं वर्गाने ऐकलं. म्हैस दावं तोडून गेली ते, मी तिला कोणत्या शब्दांत हाका मारल्या ते, चहात साखर कमी होती ते. शेवटी भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातल्या एका ताईंनी खाली लिहिलं, "दादा, तुमचा माईक बंद करा. आणि म्हैस गावली का तेवढं सांगा." अख्ख्या आयुष्यात मला माईक बंद करा म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे त्या ताई.

त्या स्वतः भातखाचराच्या बांधावर बसून वर्ग करायच्या, कारण त्यांच्या वाडीत तेवढ्या बांधावरच रेंज होती. माझी रेंज घराला लागून असलेल्या पाण्याच्या टाकीवर. आमचं घर पिंपरी पेंढारच्या अंगाला, मळ्यात. आजूबाजूला ऊस. ऊस उभा असेपर्यंत अंधार पडल्यावर टाकीवर बसायची सोय नाही, बिबट्या फिरतो. म्हणून मी सगळा अभ्यास दिवसाउजेडी केला. हे एका अर्थी बरं झालं, पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा संध्याकाळी मेंदू चालत नाही हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

दुसरी गंमत अशी की तिथले मास्तर थांबवता येतात. व्हिडिओतले सर पुढं पळाले की बोट लावायचं, ते तोंड उघडं ठेवून उभे राहतात. मागे सरकवलं की पुन्हा तेच सांगतात, आणि चिडत नाहीत. सार्वभौमत्व हा एक शब्द मी त्या सरांकडून इतक्या वेळा वदवून घेतला की समोरासमोर असते तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. पण थांबवता येतं म्हणून माणूस थांबवतच राहतो, ही त्यातली मेख. आज घाट आहे, उद्या बघू. उद्या टोमॅटोचा तोडा आहे, परवा बघू. असे एकोणीस व्हिडिओ तुंबले तेव्हा मला कळलं की इथं हजेरी घेणारं कुणी नाही, ती आपली आपणच घ्यायची. मग मी ठरवलं, घाट नसेल त्या दिवशी न्याहारी झाली की दोन तास. वाचायचं, लिहायचं, मगच मळ्यात.

वाचायचं म्हणजे मोठ्याने. मला दुसरं वाचन माहीतच नव्हतं. माझ्या वडलांना अक्षरओळख नव्हती, पण पेपरचं वेड होतं. मी तिसरीत असल्यापासून रोज सकाळी त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचून दाखवायचो. मी अडखळलो की ते म्हणायचे, "दमानं. पन मोठ्यांदा. चार मानसं आयकत्यात." कारण आमच्या ओट्यावर खरंच चार माणसं येऊन बसलेली असायची. माझा आवाज तिथं तयार झाला. वाचायचं म्हणजे कुणाला तरी ऐकवायचं, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते कायमचं. वडील गेले, ओटा रिकामा झाला, पण मी लग्नाची पत्रिकासुद्धा एकटा असताना मोठ्याने वाचतो. तर बी.ए.ची पुस्तकंही तशीच. मी खाटेवर बसून वाचायचो आणि बायको समोर टोमॅटो निवडून क्रेट भरायची. कच्चा वेगळा, पिकलेला वेगळा, फुटका बाजूला. ती ऐकते की नाही, हे तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

पहिली दोन वर्षं परीक्षा पुण्याच्या केंद्रावर झाल्या. तिथं मी पुटपुटलो की सुपरवायझर येऊन खांद्यावर हात ठेवायचे, "काका, हळू." मी हळू करायचो. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने सोय केली, परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. मी खूश. एसटीचा प्रवास वाचला. लेकीने टाकीवर डबी बसवून खोलीत वायफाय आणलं. लेकीने फोनवर सगळे नियम वाचून दाखवले. खोलीत दुसरं कुणी नको, मोबाईल नको, उठायचं नाही, बोलायचं नाही. मी म्हणालो, एकट्या खोलीत बोलायचं कुणाशी.

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर होता. तो सुटला की डिग्री. मी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलो. कॅमेऱ्याला खोली फिरवून दाखवली. पेपर उघडला आणि मी वाचायला लागलो. कसं, ते आता तुम्हाला माहीत आहे. थोड्या वेळाने वर लाल पट्टी आली. त्यावर लिहिलं होतं, आवाज आढळला, पहिली सूचना. ती पट्टी मी मोठ्याने वाचली. म्हणून दुसरी आली. मी इकडेतिकडे बघितलं, बाहेर कुणी बोलतंय का, म्हणून खिडकीकडे वळलो, आणि "कोन बोलतंय रे" असं विचारलं. तिसरी पट्टी आली आणि पेपर बंद झाला. समोर नुसता पांढरा पडदा आणि त्यात कोपऱ्यात माझं तोंड, अजून उघडंच.

आठवड्याने मेल आली. परीक्षेच्या वेळी उमेदवार सतत दुसऱ्या व्यक्तीशी बोलत असल्याचा संशय आहे, गैरप्रकाराबाबत चौकशी समितीपुढे हजर राहावे. सोप्या मराठीत, कॉपी.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू. डिग्री गेली असती तर मी गिळलं असतं, बारावी होतो, बारावी राहिलो असतो. पण कॉपीबहाद्दर? माझं सगळं दुकान माझ्या खरेपणावर चालतं. घाटावर घड्याळ लावणारे एक म्हातारे पंच आहेत. ते मला सेकंद सांगतात आणि मी तो पुकारतो. एका बाजूला लाखाची बैलं, दुसऱ्या बाजूला गावाची इज्जत, आणि मधे माझ्या तोंडचा आकडा. माझ्या मेव्हण्याचा गाडा एकदा पाच पॉइंटने, म्हणजे सेकंदाच्या पाच शतांशाने, हरला. मी तो आकडा जसाच्या तसा पुकारला. बायकोच्या माहेरचे दोन महिने आमच्याशी बोलत नव्हते. म्हातारे पंच तेव्हा म्हणाले होते, "घड्याळ माझ्या हातात आसतं, पन लोकं तुझ्या तोंडाकडं बघत्यात." असा माणूस कॉपीत धरला हे एकदा घाटावर कळलं असतं, तर पुढच्या बारीला खालून कुणीतरी ओरडलं असतं, भाऊ, हा सेकंद तरी खरा का. मला ते ऐकावं लागलं असतं आणि उत्तर देता आलं नसतं.

मी फक्त बायकोला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी कॉपी कराल? तुमाला चोरून गूळ खाता येत न्हाई, खाताना सांगत सुटता." आणि भाकरी थापायला बसली.

चौकशीही ऑनलाईनच. पडद्यावर दोन सर आणि एक मॅडम. मॅडम मुख्य. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशीच नाही, मॅडम. वाचत होतो."

"मोठ्याने?"

"वाचत होतो म्हणजे मोठ्यानेच की."

त्यांनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज मला नवा नाही, पण त्या दिवशी ऐकताना कान गरम झाले. प्रश्न क्रमांक सात, खालीलपैकी कोणते विधान बरोबर आहे, पर्याय पहिला. अशा चालीत की जणू पर्याय पहिला घाटाच्या तोंडाला येऊन उभा आहे आणि आता सुटणार. एका सरांनी मान खाली घातली, त्यांचे खांदे हलत होते. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "यात फक्त प्रश्न आहेत. उत्तर कुणीच देत नाहीये. तुम्ही असं का वाचता?"

मी वडलांचं सांगितलं. पेपर, ओटा, चार माणसं. मी म्हणालो, "मॅडम, मला मनात वाचता येत नाही. कुणी शिकवलंच नाही. पण मी आजवर कुणाला खोटा सेकंद सांगितलेला नाही." सेकंदाचं त्यांना काही कळलं नसणार. तरी त्यांनी लिहून घेतलं.

निकाल असा लागला: गैरप्रकार नाही, पण नियम मोडला म्हणून पेपर रद्द. सहा महिन्यांनी तोच पेपर पुन्हा द्यायचा, आणि पुन्हा तीन सूचना आल्या तर सगळं सेमिस्टर पहिल्यापासून. माझं नाव सुटलं होतं. पण आता मला पन्नासाव्या वर्षी मनात वाचायला शिकायचं होतं.

मी तोंडावर हात धरून बघितलं, हाताच्या आत पुटपुटत होतो. ओठ दातांत धरून बघितले, हुं हुं असा आवाज येत होता. बायकोने चार दिवस हा तमाशा बघितला. पाचव्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आपण म्हणतो ना, अमका मिठाची गुळणी धरून बसला, तशी तिने मला खरोखर पाण्याची गुळणी धरायला लावली. समोर पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "आता वाचा. पानी गिळायचं न्हाई, सांडायचं न्हाई. पंचवीस वर्षं तुमी बोललात आन मी आयकलं. आता तुमी गप बसा, मी बघते."

पहिल्याच ओळीला पाणी पुस्तकावर. दुसऱ्या दिवशी चार ओळी, मग ठसका. पानं वाळत घालायला अंगणात दोरी बांधावी लागली, सगळं राज्यशास्त्र धुण्यासारखं लटकत होतं. मी वैतागून पुस्तक फेकलंसुद्धा एकदा. तिने उचलून, पदराने पुसून पुन्हा पुढ्यात ठेवलं. महिनाभराने एक पान झालं. आणि ज्या दिवशी अख्खा धडा पाणी न सांडता झाला, त्या दिवशी मला एक विचित्र गोष्ट कळली. मी गप्प होतो आणि शब्द तरीही आत ऐकू येत होते. आवाज माझा नव्हता, वडलांचा होता. दमानं, म्हणत होता. मी बायकोला हे सांगितलं नाही, गुळणी तोंडात होती.

पण खरी फजिती पुढं आहे. असाच एकदा मी गप्प वाचत बसलो होतो, ती समोर टोमॅटो निवडत होती. मी बोलत नाही म्हणून तिला कंटाळा आला असावा. तिने मान वर न करता विचारलं, "राज्याचे घटक किती?"

मी पाणी गिळलं. "किती?"

"चार. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. सार्वभौमत्व नसंल तर बाकी तीन आसून उपेग न्हाई." एक फुटका टोमॅटो तिने बाजूला टाकला. "मागल्या वर्षी ह्याच्यावर तुमी आठवडाभर आडकला व्हता."

मी एक धडा विचारला, तिला आला. दुसरा विचारला, आला. तिसऱ्यात तिने मलाच सुधारलं. तीन वर्षं मी वाचत होतो आणि समोर एक माणूस कच्चं-पिकलं निवडता निवडता सगळं साठवत होतं. ती दहावी झालेली, लग्न ठरलं म्हणून पुढचं राहिलेलं. मी तिला विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मधी जागा कुठं सोडली तुमी." आयुष्यात पहिल्यांदा मी बिनगुळणीचा गप्प बसलो.

दुसऱ्या पेपरचा दिवस आला. सकाळी अकराची वेळ. बायको दाराबाहेर जोतं धरून बसली. आमच्याकडे दिवसा दार लावलेलं दिसलं की माणसं काळजीने उलट जास्त येतात, काय झालं म्हणून. ती एकेकाला बोट ओठावर ठेवून परत पाठवत होती. दोघीतिघी जणी तर कुणाला तरी बाळ झालंय असं समजून गेल्या.

आत मी ओठ मिटून बसलो. पहिला प्रश्न, दुसरा, दहावा. लाल पट्टी नाही. पडद्याच्या कोपऱ्यात माझं तोंड दिसत होतं, कुलूप लावल्यासारखं, आणि सांगतो, इतका देखणा मी फेटा बांधूनही दिसलेलो नाही. तिसाव्या प्रश्नाच्या आसपास मला लांबून एक आवाज ऐकू आला. भारदस्त, गोल, ओळखीचा. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते, की येत्या..."

माझाच आवाज. आमच्या गावच्या यात्रेची जाहिरात. दोन दिवसांपूर्वी मी स्वतः रेकॉर्ड करून रिक्षावाल्याला दिली होती आणि पेपरच्या भानगडीत साफ विसरलो होतो. कर्णा जवळ येत चालला. लाल पट्टी आली. आवाज आढळला, पहिली सूचना. मी हाताच्या मुठी आवळल्या. रिक्षा आमच्या बांधाच्या वळणावर आली असणार, कारण माझा आवाज आता खोलीत घुमत होता, यात्रेनिमित्त भव्य बैलगाडा शर्यती. दुसरी पट्टी. समोर प्रश्न होता, मला एक अक्षर दिसत नव्हतं. मी तोंड मिटून बसलो होतो आणि तरीही माझाच आवाज माझी डिग्री घ्यायला निघाला होता. आणखी एक वाक्य, की संपलं.

"तरी सर्व शर्यतप्रेमींनी..." आणि आवाज मधेच तुटला. मला आजवर कुणी असं वाक्याच्या मधे तोडलेलं नाही. मी पट्टीची वाट बघत राहिलो. ती आली नाही. मग पुढचा प्रश्न वाचला, मनात, दमानं.

नंतर कळलं, बायको जोत्यावरून उठून अनवाणी पळाली होती. रिक्षाच्या आडवी उभी राहिली. रिक्षावाला म्हणाला, "वहिनी, भाऊंचाच आवाज हाय की." ती म्हणाली, "म्हनूनच बंद कर." त्याला कळेना, तर तिने स्वतः आत हात घालून कर्ण्याची वायर उपटली. तो भला माणूस पेपर संपेपर्यंत आमच्या बांधावर रिक्षा लावून बसून राहिला आणि तिने त्याला चहा दिला.

मी पास झालो. काठावर नाही, चांगला पास झालो. लेकीने निकाल फोनवर पाठवला. मी तो आधी मनात वाचला, मग ओट्यावर जाऊन मोठ्याने वाचला. तिथं बायकोशिवाय कुणी नव्हतं.

आमच्या गावच्या यात्रेला घाट तुडुंब होता. उन्हाचा कडाका, भंडाऱ्याने पिवळी झालेली बैलं, माझा आवाज तापलेला. दुपारी दोन बाऱ्यांच्या मधे खालून चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक म्हाताऱ्या पंचांच्या थरथरत्या अक्षरातली. मी ती उघडली. सत्कार माझाच होता. माझं नाव, आणि नावापुढे बी.ए. खाली लिहिलं होतं, जोडीनं.

मी ती वाचली. ओठ हलले नाहीत. घाटावर एवढा वेळ माईक कधी गप्प राहिलेला नाही, त्यामुळे लोक स्टेजकडे बघायला लागले. पंच घड्याळापाशी बसून म्हणाले, "काय रं, वाच की."

"वाचली, बाबा."

"मंग आवाज कुठाय?"

आवाज नव्हताच. इतरांच्या एवढ्या डिग्र्या वाचल्या, आणि स्वतःची दोन अक्षरं तोंडातून निघेनात. तोवर बायकांच्या बाजूने तिला कुणीतरी ढकलत स्टेजवर आणली होती. मी तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि माईकही दिला. तिने चिठ्ठी बघितली. त्यावरचं नाव ती घेणार नव्हती, लग्न झाल्यापासून घेतलेलं नाही. तिने चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली, पदर डोक्यावर सारखा केला आणि माईक माझ्यासारखाच तोंडापासून चार बोटं लांब धरला. एवढ्या वर्षांत तेही बघून ठेवलं होतं.

म्हणाली, "हे बी.ए. झाले. आयकून आयकून मीपन झाले. सोडा आता बारी, बैलं उन्हात उभी हायेत."